स्तोत्रातलं गाऱ्हाणं

गोव्यात मी ख्रिस्ती आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या साडीकडे बघतो आणि मग विचारतो, "मागीर तुमकां कोंकणी कशी येना?" त्याच्या डोळ्यांपुढे चर्चच्या सणाचं फेस्त असतं, बँड असतो, घरासमोरचा पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस असतो. आम्ही त्यातले नव्हे, प्रोटेस्टंट. आमचं मूळ कोल्हापूरकडचं. सासर-माहेर दोन्हीकडे मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, पेटीवरची मराठी गीतं आणि संध्याकाळी चटईवर बसून म्हटलेली स्तोत्रं. इथल्या कॅथलिक शेजाऱ्यांना आम्ही अर्धे हिंदू वाटतो आणि हिंदू शेजाऱ्यांना अर्धे पोर्तुगीज. दोघंही पावाच्या बदल्यात पाव आणि भाजीच्या बदल्यात भाजी देतात, म्हणून चालून जातं.

माझा नवरा तुयेच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याच्या कामासाठी आम्ही पेडण्यात आलो आणि इब्रामपूरला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आमची एकुलती एक मुलगी तिथेच लहानाची मोठी झाली. घरात आमच्याशी मराठी आणि अंगणात घरमालकीणकाकींशी तिकडचं गावठी, अशा दोन जिभा घेऊन ती वाढली. काकी म्हणजे शेतीभाती बघणारी, नाकात मोठी चमकी घालणारी म्हातारी. तिच्या मांडीवर बसून माझी पोर आधी "माका" शिकली आणि मग "मला".

प्रार्थना मात्र मी शिकवली. माझ्या आईने मला जशी शिकवली, तशीच. एक ओळ शास्त्रातली, एक ओळ आपली. म्हणजे स्तोत्रातली एक ओळ म्हणायची, थांबायचं आणि त्या ओळीवर आपल्याला आज जे म्हणायचं आहे ते म्हणायचं. मग पुढची ओळ. आई म्हणायची, स्तोत्रं लिहिणारी माणसं काही मऊ तोंडाची नव्हती. ती देवाला विचारतात, झोपलास का, कुठे लपलास, अजून किती दिवस? रडून रडून अंथरूण भिजवतात, शत्रूचे दात पाड म्हणतात आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर कुठे जरा शांत होतात. "देवापुढं गोड बोलणारे लई हाईत. त्यो कट्टाळलाय त्यास्नी," असं ती भाकरी थापता थापता सांगायची. आईची शाळा चौथीपर्यंत झाली होती, पण सगळी स्तोत्रं तिच्या तोंडात होती आणि तोंडही तसं सडेतोड होतं.

मुलीला मी पहिलं शिकवलं ते मेंढपाळाचं. तेच सगळे शिकवतात. मेंढपाळ पाठीशी असल्यावर कशाची वाण पडत नाही, ही ओळ झाली की ती थांबायची आणि म्हणायची, "पण माझी वॉटरबॅग गळते." हिरव्या कुरणाची ओळ झाली की, "काकींची गाय आमच्या मिरच्या खाते, तिला सांग." मरणाच्या दरीची ओळ आली की विचारात पडायची आणि म्हणायची, "मला शाळेच्या मागच्या विहिरीची भीती वाटते. पप्पांना नाही वाटत." नवरा हसू दाबायचा. मी त्याला कोपराने ढोसायची. प्रार्थनेत हसायचं नसतं असं मला शिकवलं गेलं होतं, पण हसू येईल अशी प्रार्थनाही मीच शिकवत होते, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार!

मग ती देवळात गेली. म्हणजे काकींबरोबर गेली, गावातली सगळी पोरं जातात तशी. नवीन ट्रॅक्टर आला, कोणाचं लग्न ठरलं, कोणाची म्हैस आजारी पडली, की लोक नारळ घेऊन देवळासमोर उभे राहतात आणि गावकर, म्हणजे गावचा मानकरी, गाऱ्हाणं घालतो. पेडण्याकडे हे इतकं नेहमीचं की त्यात कोणाला नवल वाटत नाही. तो देवाला मोठ्याने सांगतो, बा देवा म्हाराजा, हे तुझं लेकरू, त्याच्यावर असं असं संकट आलंय, कोणी वाकडं करत असेल तर त्याचं तू बघ, ह्याला सांभाळ. प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" हे "व्हय" मिळालं नाही तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. एकट्याने घातलेलं गाऱ्हाणं म्हणजे नुसती बडबड.

मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. इथे गाऱ्हाणं म्हणजे प्रार्थना. माझ्या पोरीला या दोन्हींत फरक आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या आठवड्यात चटईवर बसल्यावर तिने स्तोत्राची ओळ म्हटली, मग हात जोडून, मान वर करून, गावकराच्या घोगऱ्या आवाजात सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, माका गणिताच्या बायन उगीच मारलां. तिचां तू बघ." आणि आमच्याकडे बघत थांबली. ती चिडली. "म्हणा ना! तुम्ही म्हटलं नाही तर देवाला पोचणार कसं?"

मी डोळे वटारले. नवऱ्याने टाचा जोडून, छाती पुढे काढून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

आमच्या घरात त्या दिवसापासून ती रीत पडली. शास्त्राच्या ओळीला आमेन आणि आपल्या ओळीला व्हय म्हाराजा. मी थोडे दिवस कुरकुर केली, मग मीही म्हणू लागले. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आमेन म्हणताना माझं लक्ष कधी कधी कुकरच्या शिट्टीकडे असायचं. व्हय म्हाराजा म्हणायचं तर आधी समोरच्याचं दुःख ऐकून घ्यावं लागतं. मुलीने मग एकेक करून तक्रारीची स्तोत्रंही पाठ केली. देवा, किती दिवस, असं विचारणारी तिची लाडकी. मेंढपाळाचं तिला बाळबोध वाटायला लागलं.

त्यानंतर नवरा गेला. हायवेचं काम चालू होतं, मालपेच्या उतारावर खडी पडलेली होती, मोटारसायकल घसरली. याहून जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही. काकी सगळ्यांत आधी धावत आली, दारात फतकल मारून बसली आणि देवाला अशा शिव्या घातल्या की कोल्हापूरहून आलेली आमची माणसं कावरीबावरी झाली. माझ्या पोरीने तिच्या पाठीला टेकून सगळ्या ऐकल्या. त्या दिवसांत तिला कोणी समजून घेतलं असेल तर त्या शिव्यांनी.

इब्रामपूरच्या खोल्या सोडाव्या लागल्या. माझे थोरले दीर डिचोलीला असतात. औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर आहेत, स्वतःचं घर आहे आणि घराच्या हॉलमध्ये दर रविवारी उपासना भरते. कोल्हापूर-बेळगावकडून कामाला आलेली आमची माणसं तिथे जमतात. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा येतात, बाकीच्या रविवारी दीरच प्रवचन करतात. त्यांनी आम्हाला आसरा दिला, जेवू घातलं. हे मला कोणी ना कोणी दर आठवड्याला ऐकवतं, म्हणून मीही इथे लिहून मोकळी होते. मी जवळच्या काजूच्या कारखान्यात जाते, बोटं काळी करून येते आणि घरी जावेच्या हाताखाली राबते. ते मला जड नाही.

जड आहे ते आभार मानणं. माझ्या दिरांच्या घरात सगळ्याबद्दल आभार मानतात. दिवे गेले, आभार. नळाला पाणी आलं नाही, आभार. जावेची कंबर धरली तर ती कण्हायच्या आधी त्यांचं "प्रभूची स्तुती असो" येतं. त्यात खोटेपणा नाही, तेच तर वाईट आहे. त्यांचा धाकटा भाऊ, ज्याला त्यांनी खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं, तो गेला तेव्हाही ते कबरीच्या कडेला उभं राहून आभारच मानत होते आणि त्यांचा जबडा थरथरत होता. मला त्यांना गदागदा हलवून सांगावंसं वाटलं, रडा की हो! पण धाकट्या भावजयीने असं काही करायचं नसतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

संध्याकाळची प्रार्थना आता ते घेऊ लागले. मुलीने कोणती स्तोत्रं म्हणायची हे तेच ठरवायचे आणि ती सगळी स्तुतीची. आपली ओळ नाही, थांबणं नाही. एका दमात शेवटपर्यंत, स्वच्छ उच्चारात. ती म्हणायची. वर्षभर ती निमूट म्हणत राहिली आणि प्रार्थना संपली की माझ्याकडे न बघता उठून जायची. एकदा भांडी पुसताना मी तिला हळूच विचारलं, "आपली ओळ म्हणतेस का गं मनातल्या मनात?"

"मनातल्या मनात व्हय कोण म्हणतं?" ती म्हणाली.



नवऱ्याला वर्ष झालं तेव्हा दिरांनी स्मरणार्थ उपासना ठेवली. हॉल भरला, बाहेर मंडप घातला, पाळक आले, कोल्हापूरहून सासूबाई आल्या. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या कॅथलिक घरातूनही आणल्या. मुलीने वडिलांच्या आठवणीत एक स्तोत्र म्हणायचं ठरलं होतं. उपकार मोजायचं, एकही विसरू नकोस असं स्वतःच्या जिवाला बजावायचं ते स्तोत्र. दिरांनी तिच्याकडून ते महिनाभर घोटून घेतलं होतं. पांढऱ्या फ्रॉकात ती पुढे उभी राहिली, सुंदर सुरुवात केली. बायका कौतुकाने एकमेकींकडे बघत होत्या.

दुसऱ्या की तिसऱ्या ओळीला ती थांबली.

दिरांना वाटलं विसरली. त्यांनी पुढचा शब्द पुटपुटून सांगितला. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. हात जोडले, मान वर केली. आता काय होणार हे त्या हॉलमध्ये मला एकटीलाच कळलं होतं.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली. घोगरा आवाज काढला नाही. तिचा स्वतःचा, बारीक आवाज. "माझे पप्पा तू नेलेस. मोठे काका सांगतात आभार मान. मी रोज मानले. तरी पप्पा येणत नाय. ह्या घरात कोण त्यांचां नाव पण काढणत नाय. मी नाव काढलां तर आई भांडी घासूक जाता. तू चुकलंस, म्हाराजा. तुझी चूक तू कबूल कर."

आणि ती थांबली. पाळकांनी खाली बघितलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. माझी पोर सगळ्यांकडे एकेक करून बघत होती. ती चूक केलेल्या मुलासारखी बघत नव्हती. ती वाट बघत होती. इतक्या माणसांपैकी कोणीतरी म्हणेल, म्हणायलाच हवं, नाहीतर तिचं बोलणं जाणार कुठे?

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

एकटीने म्हटलं. माझा आवाज फाटला, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला असावा, कारण माना तिकडूनही वळल्या. मुलीने मान हलवली, जणू पोचपावती मिळाली, आणि राहिलेलं स्तोत्र एकाही चुकीशिवाय पुरं केलं. इतकं मनापासून तिने ते त्याआधी कधीच म्हटलं नव्हतं. उपकारांची ओळ म्हणताना तिचा चेहरा मोकळा झाला होता. शास्त्र लिहिणाऱ्यांनी हे ओळखलं असतं. आमच्या हॉलमधल्या कोणी ओळखलं नाही.

लोक चहा घेऊन गेल्यावर दिरांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. ते कधी ओरडत नाहीत. "हे कुठलं शिकवलंस पोरीला? देवळातलं?"

"भाऊजी, शब्द तेवढे देवळातले. बाकी सगळं स्तोत्रातलंच आहे," मी म्हटलं. "उघडून बघा. अर्ध्याहून जास्त स्तोत्रं तिच्यासारखीच बोलतात."

"ती दावीद राजाने म्हटलेली आहेत. पोराने म्हणायची नाहीत."

"मग पोराने दुःख झाल्यावर काय म्हणायचं?"

"दुःख झालं तरी आभार मानायचे. तेच शिकवायचं असतं. आणि आई जर पोरीने केलेल्या देवनिंदेला होकार देत असेल, तर पोरीला या घरात ठेवून चालणार नाही." मग ते माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू लागले. माझ्या क्षमेसाठी. जाऊ दारात उभी होती, तिचे डोळे भरले होते, पण ती आमेन म्हणाली.

मुलीला घाटावरच्या एका ख्रिस्ती वसतिगृहात घालायचं ठरलं. पाळकांची ओळख होती, जागा लगेच मिळाली. मी नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "पोरीचं भलं हुतंय, तू कशाला आडवी पडतीस?" मी म्हटलं, मी वेगळी खोली घेऊन राहते. दीर शांतपणे म्हणाले, राहा, पण माझ्या भावाची मुलगी वाऱ्यावर सोडणार नाही, ती वसतिगृहातच राहील. काजूच्या कारखान्यातून सुटून मी किती खोल्या बघितल्या ते माझं मला माहीत. एकट्या बाईला नको, एवढं तरी लोक तोंडावर सांगत होते. इब्रामपूरच्या काकीला फोन केला. ती म्हणाली, "बाये, खोल्यो झिलान रशियनांक दिल्यो. मोरजेक जागो ना म्हणून हांगा येवन रवतात." मोरजेच्या किनाऱ्यावर जागा न मिळालेल्या रशियन पर्यटकांना तिच्या मुलाने आमच्या खोल्या भाड्याने दिल्या होत्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणतात. मी दिरांचे पाय धरले. खरोखर वाकून धरले. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, "प्रभू सगळं चांगल्यासाठीच करतो."

जूनमध्ये ते तिला गाडीने सोडून आले. ती रडली नाही, माझ्याशी भांडली. "तू का म्हणालीस मोठ्याने? हळू म्हटलं असतंस तरी पोचलं असतं," असं काहीतरी म्हणत गाडीच्या दारापाशी मला चिमटे काढत होती. ते चिमटे किती दिवस माझ्या दंडावर होते. मला ते जपून ठेवावेसे वाटत होते.

नाताळात ती घरी आली. उंच झाली आहे. केस बारीक कापलेत. बोलणं अगदी शुद्ध, "माका-तुका" एकदाही नाही. पहिल्याच संध्याकाळी दिरांनी तिला प्रार्थना घ्यायला सांगितली आणि तिने घेतली. मोठ्या माणसासारखी, डोळे मिटून, न थांबता. अन्नाबद्दल आभार, प्रवासाबद्दल आभार, काकांबद्दल आभार. वसतिगृहाबद्दल आभार. वडिलांना देवाच्या घरी नेल्याबद्दल आभार. दिरांच्या गालावरून पाणी वाहत होतं. इतक्या दिवसांत त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं आणि ते आनंदाने रडत होते.

मी तिच्या हाताकडे बघत होते. जोडलेल्या हातांवर, डाव्या मनगटापासून वर, कातडी गुलाबी आणि चुरगळलेली होती. भाजल्याची खूण. मला कोणी कळवलं नव्हतं.

मी तिला मोरीत नेलं, पालथ्या बालदीवर बसवलं आणि बाही वर केली. खूण कोपरापर्यंत होती. "हे काय गं?"

"आमटीचं पातेलं कलंडलं. माझी पाळी होती."

"कधी? मला फोन का नाही केलास?"

"वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, तोंडावर नाही पडलं, आभार मान. आम्ही सगळ्यांनी मिळून मानले."

"दुखलं असेल ना खूप?"

ती विचारात पडली. शाळेतला एखादा प्रश्न विचारावा आणि उत्तर चटकन आठवू नये, तशी. "नाही सांगता येत," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिला माझी दया आली असावी. तिने तिचा तो चुरगळलेला हात माझ्या गालावर ठेवला आणि हसून म्हणाली, "आई, तू अजून तक्रार करतेस? थांब, मी तुझ्यासाठी प्रार्थना करते."

आणि तिने केली. अतिशय सुंदर. मी बालदीशेजारी ओल्या फरशीवर बसून ती सगळी ऐकली. मला माझी भांडखोर पोर परत हवी आहे, आणि ती मागायची कोणाकडे, हेच मला आता कळत नाही.